चौथा कोअर

वाशिमला पाटणी चौकातून आत वळलं की एका गल्लीत गजेंद्र ढोलेचं कॉम्प्युटरचं दुकान लागतं. पाटीवर 'ढोले कॉम्प्युटर्स' असं लिहिलंय, पण त्या नावानं विचारलंत तर समोरचा चहावालासुद्धा डोकं खाजवत बसेल. 'चौथा कोअरवाले भाऊ कुठं बसतात?' असं विचारा, म्हणजे तो हातातलं भांडं खाली न ठेवता हनुवटीनंच रस्ता दाखवील. माणसाला एकदा गावानं नाव दिलं की बापानं ठेवलेलं नाव आधार कार्डापुरतं उरतं.

तर हा गजेंद्र, वय बेचाळीस, मे महिन्यात भर दुपारी पंखा बंद ठेवून दुकानात बसतो. वीज गेलेली नसते, पंखाही बिघडलेला नसतो. गिऱ्हाईक घामाघूम होऊन आत येतं आणि विचारतं, "काहो भाऊ, उकडून नाई राह्यलं का तुमाले?"

"उकडते का?" असं म्हणून तो उठतो आणि पंखा लावतो. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा उठून बंद करतो.

हा कंजूषपणा नव्हे. त्याला खरंच उकडत नाही. त्याची बायको राधिका गेली त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. तेव्हापासून त्याला उकडत नाही, थंडी वाजत नाही, भाजीत मीठ पडलं नाही तरी कळत नाही. सुरुवातीला लोक म्हणाले, धक्का बसलाय, एकदा रडला की मोकळा होईल. तो रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. पोरबाळ झालेलं नव्हतं, त्यामुळं घरात रडायला लावणारं दुसरं कुणी नव्हतं. मग लोकांनीही नाद सोडला. लोकांना काय, त्यांना त्यांची कामं असतात.

आधीचा गजेंद्र असा नव्हता. आधीचा गजेंद्र म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. दुकानात शिरलेला माणूस माउस घ्यायला आलेला असायचा आणि तासाभरानं जाताना प्रोसेसर कसा बनतो ते ऐकून जायचा.

तो मूळचा जऊळक्याचा. स्टेशनच्या पलीकडं त्याचे वडील उत्तमराव यांचा भाजीचा मळा. वांगी, टमाटे, मेथी, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्याकडं तिला सांबारच म्हणतात आणि पुण्याकडचा पाहुणा आला की त्यावरून एकदा हसून घेतात. सकाळच्या गाडीनं टोपल्या वाशिमच्या बाजारात जायच्या. उत्तमरावांचा एकच कायदा होता: वाफा रिकामा ठेवायचा नाही. सकाळी मेथी उपटली की संध्याकाळी तिथं पालक टोकलेला असायचा. बांधावर तुरीची ओळ, पाण्याच्या दांडाला अळू. "रिकामा वाफा म्हंजे जमिनीचा अपमान हाये, गज्या," असं ते म्हणायचे. गज्याला शेती नको होती, पण हा कायदा त्याच्या रक्तात गेला. तो अकोल्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि त्यानं वाशिमला दुकान थाटलं.

दुकान उघडलं तेव्हा प्रोसेसरला एकच कोअर असायचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि कोअर म्हणजे त्या डोक्यात बसून राबणारा गडी. एक गडी, एका वेळी एक काम. मग दोन कोअरवाले आले आणि नेट कॅफेवाल्यांनी दारावर तसे फलक लावले. मग चार गड्यांचे आले. एका कंपनीचं तर अख्खं खानदान होतं. सगळ्या भावांची बैठक एकच, म्हणजे त्याच मदरबोर्डवरचा जुना काढा आणि नवा बसवा. गजेंद्रला त्या खानदानातला एकेक भाऊ तोंडपाठ. कोणता तापतो, कोणता किती वीज खातो, कोणाला कोणता पंखा लागतो, हे तो सोयऱ्यांची कुंडली सांगावी तसं सांगायचा.

आणि एक दिवस त्या खानदानात तीन कोअरचा भाऊ आला. गजेंद्र चक्रावला. एकाचे दोन, दोनाचे चार हे ठीक, पण तीन? त्यानं इंटरनेट धुंडाळलं, अकोल्याच्या मित्रांना फोन केले, आणि त्याला गुपित कळलं. कंपनी बनवायची चार कोअरचाच. तपासणीत एखादा कोअर कच्चा निघाला की तेवढा बंद करायची आणि उरलेल्या तिघांवर तो स्वस्तात विकायची. चौथा कोअर आतच असायचा, फक्त कुलपात. आणि काही मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती. ती बदलली की कुलूप निघायचं. कधी आतला गडी धडधाकट निघायचा, कारण स्वस्त मालाला मागणी फार म्हणून कंपनीनं चांगलाच कोअर बंद केलेला असायचा. कधी तो खरोखरच कच्चा असायचा.

उत्तमरावांच्या पोराला हे कळलं आणि संपलं. चार वाफ्यांतला एक रिकामा! त्याला झोप येईना. त्यानं एका मशीनचा चौथा कोअर उघडला, तासभर त्या मशीनला जड काम जुंपून पाहिलं, मशीन अडकली नाही. "पक्का!" तो ओरडला. दिवाळीचे दिवस होते, हवेत गारवा होता, हे त्यानं ध्यानात घेतलं नाही. पुढं दोन-तीन वर्षं तो हेच करत राहिला. फोटो स्टुडिओवाले, झेरॉक्सवाले, शाळांचे मास्तर, थेट हिंगोलीपासून लोक यायचे. तीनचा घेऊन या, चारचा घेऊन जा. तेव्हाच गावानं त्याला ते नाव दिलं, आणि गजेंद्रची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं मोजून घ्यावीत.

राधिका किन्हीराज्याची. बारावी शिकलेली, बोलायला कमी, बघायला पक्की. लग्नानंतर ती मिक्सिंग शिकली. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटा येतात, त्या मशीनमध्ये घेऊन त्यांतलं नको ते कापायचं, गाणी टाकायची, नवरानवरीच्या नावाभोवती फुलं फिरवायची आणि सीडी करून द्यायची. दुकानाच्या मागं घराची खोली होती, तिथं गजेंद्रनं तिला एक मशीन बनवून दिली. अर्थातच तीनची, चौथा उघडलेली. कॅबिनेटवर त्यानं मार्करनं मोठा '४' काढला आणि म्हणाला, "वाशिम जिल्ह्यात कोन्या बायकोले नवऱ्यानं असं काई देल्लं नसन." ते खरंच होतं.

पहिलाच उन्हाळा, लग्नसराई, आणि राधिकानं दुकानात डोकावून सांगितलं, "अहो, तयार सीडीत हिरवे चौकोन येऊन राह्यले. आवाजबी खरखरते."

गजेंद्रनं कॅसेट लावून पाहिली. कॅसेट स्वच्छ होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्याकडं पाहत तो म्हणाला, "कॅसेट बरोबर हाये. मशीन म्या बनवली. मंग राह्यलं कोन?" गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. "नाचता येईना अंगण वाकडं!"

ती आत गेली. पुन्हा कधी तिनं मशीनचं नाव काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरून मंजू नावाच्या मुलीच्या लग्नाचं काम आलं होतं. सीडी तयार झाली, आणि नेमक्या नवरीच्या पाठवणीत हिरवे चौकोन. राधिकानं पुन्हा केली, पुन्हा तेच. शेवटी ती एकटी बस धरून तांड्यावर गेली आणि माफी मागून आली. गजेंद्रनं विचारलं, काय म्हणाले? "काई नाई, चांगले लोक हायेत," एवढंच ती बोलली. गजेंद्रनं गावात मात्र सांगून टाकलं होतं की आमच्या मिक्सिंगवाल्या बाईंचा हात अजून बसायचाय. मशीनच्या नावाला बट्टा नको ना लागायला! घरच्या माणसाच्या नावाला लागला तर तो घरातल्या घरात राहतो, असा त्याचा हिशेब असावा.

तीन-चार वर्षांनी राधिकानं नवंच खूळ काढलं. खोलीतल्या टेबल फॅनचं तोंड तिनं मशीनकडं वळवून टाकलं आणि आपण पदरानं घाम पुसत काम करायला लागली. गजेंद्र चिडवायचा, "मशीनले उकडून राह्यलं का? आता तिले लिंबू सरबतबी दे." ती हसायची. मिक्सिंग मात्र सुधारलं. हात बसला, असं गजेंद्र म्हणाला. पुढं सात उन्हाळे तो पंखा मशीनकडं तोंड करून फिरला. मग एका श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत राधिका गेली. मशीनवर तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं टाकून गजेंद्रनं खोलीचं दार ओढून घेतलं.

ह्या मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला, एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पस्तिशीची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"भाऊ, बाई हाये का घरी?"

"नाई. वारली. तीन साल होत आले." माउसची बॅटरी संपलीय, हे सांगावं तशा आवाजात त्यानं सांगितलं.

बाई मटकन पायरीवर बसली. "अरे देवा. मले माईतच नाई." मग तिनं ओळख सांगितली. "मी मंजू. मानोऱ्याकडच्या तांड्यातल्या गोविंदसिंगची पोरगी. माह्या लग्नाची सीडी बाईनंच बनवली होती. त्यातले हिरवे चौकोन..."

"हो," गजेंद्र म्हणाला.

"माही याडी गेली पौषात. रुपाबाई. आता धाकट्या बयनीचं लगन हाये पंधरा दिसांनी. आन् तिले ढावलो येत नाई."

याडी म्हणजे आई. बंजारा लग्नात नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. ते नुसतं रडणं नव्हे. त्याला चाल असते, शब्द असतात, आणि ते आईनं किंवा म्हाताऱ्या बायकांनी आधी शिकवावे लागतात. माहेरच्या एकेकाचं नाव घेऊन निरोप घ्यायचा असतो. नवरी मुकी निघाली तर तांड्याला ती पाठवणी झाल्यासारखी वाटत नाही.

"साऱ्या तांड्यात याडीसारखा ढावलो कोनालेच येत नव्हता," मंजू म्हणाली. "धाकटीले थेच शिकवनार होती. तिच्या आवाजातला आता येकच राह्यला, माह्या लग्नातला. सीडीत थो ऐकूच येत नाई. पन बाई म्हने, शूटिंगची असली कॅसेट म्या जपून ठेवली हाये, कवाबी या. पाह्यता का भाऊ? माह्या बयनीले याडीचा आवाज पायजे. दुसरं काई नको."

पाहतो, असं तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं म्हणून नाही. कामाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, एवढंच. मंजू फोन नंबर देऊन गेली.

खोलीचं दार त्यानं उघडलं. कपाटाखाली पत्र्याची पेटी होती. शूटिंगवाले कॅसेटा पुसून पुन्हा वापरायचे, पण राधिकानं काही कॅसेटा विकत घेऊन ठेवलेल्या दिसत होत्या. प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात गाव आणि नवरीचं नाव. मंजूची वरच होती. पेटीच्या तळाशी पुठ्ठ्याचं एक लांबट रजिस्टर होतं, ते त्यानं बाजूला ठेवलं.

जुन्या कॅमेऱ्याची वायर लागेल असं कार्ड फक्त राधिकाच्या मशीनमध्ये होतं. त्यानं फडकं काढलं, धूळ झटकली, मशीन सुरू केली. ती सुरू झाली. त्यानं बनवलेली होती ना! कॅसेट आत घेतली आणि मोबाईलवर चालेल अशी तयार करायला लावली. दुपारचे दोन. वर टिनाचं छप्पर.

तयार झालेलं त्यानं पाहिलं. हळदीच्या वेळी रुपाबाईंच्या तोंडावर हिरवे चौकोन आले आणि आवाज भाजल्यासारखा फुटला.

त्यानं पुन्हा लावलं. आता हळद स्वच्छ आणि जेवणाच्या पंगतीत चौकोन. तिसऱ्यांदा लावलं. आता पंगत स्वच्छ आणि पाठवणीत चौकोन.

गजेंद्रनं वीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या आहेत. कॅसेट खराब असती तर चूक दर वेळी त्याच जागी आली असती. मिक्सिंग करणाऱ्याची असती तरी तिथंच आली असती. आणि ह्या वेळी मिक्सिंग करायला तर कोणी नव्हतंच. जागा बदलणारी चूक एकाच ठिकाणी जन्मते, तापलेल्या प्रोसेसरात, हे तो गिऱ्हाइकांना बोट नाचवत सांगायचा. त्यानं कॅबिनेटला हात लावला. '४' लिहिलेला पत्रा चटका देत होता.

त्यानं मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, सेटिंगमध्ये गेला आणि चौथा कोअर बंद केला. ती ओळ तेरा वर्षांपूर्वी त्यानंच बदलली होती. मग चौथ्यांदा काम लावलं. तीन गड्यांना वेळ जास्त लागला. पण तयार झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ. एकही चौकोन नाही. पाठवणीत रुपाबाई मंजूला कवटाळून गात होत्या आणि त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

म्हणजे राधिका पहिल्या दिवशीच बरोबर बोलली होती. गजेंद्रला ते कळलं. वाटलं मात्र काहीच नाही. तो तसाच खुर्चीत बसून राहिला आणि त्याला उत्तमरावांचा कायदा आठवला, तोही पुरा आठवला. वाफा रिकामा ठेवायचा नाही, हा त्याचा अर्धा भाग. दुसरा भाग असा होता: "मर लागलेला वाफा मात्र तीन साल तसाच सोडाचा. त्यात पेरलं का शेजारचंबी जाते." वांग्याला मर लागली, म्हणजे उभी झाडं सुकायला लागली, की म्हातारा तो तुकडा मुकाट्यानं सोडून द्यायचा. पोरानं आपल्या सोयीचा अर्धा तेवढा उचलला.

मग त्यानं रजिस्टर उघडलं. तारीख, गाव, कुणाचं लग्न, आणि शेवटी शेरा, असे रकाने राधिकानं पट्टीनं आखले होते.

'१४ मे २०१२. तांडा. मंजूचं लग्न. पाठवणीत हिरवे चौकोन. माझी चूक.'

'१९ मे. तेच पुन्हा केलं. आता आवाज गेला. माझी चूक.'

'२ जून. किन्हीराजा. हळदीत दोन ठिकाणी. माझी चूक.'

पानामागून पान. एप्रिल, मे, जूनमध्ये 'माझी चूक', 'माझी चूक', आणि डिसेंबर-जानेवारीच्या लग्नांपुढं शेरा कोरा. २०१४च्या एप्रिलमध्ये तिनं खाली एक ओळ लिहिली होती: 'उन्हाळ्यात माझ्या चुका जास्त होतात. हिवाळ्यात होत नाहीत. उन्हानं माझं लक्ष लागत नसेल.'

गजेंद्रनं ती ओळ दोनदा वाचली. पुढच्या वर्षीच्या पानावर तीन तारखा एकाखाली एक होत्या.

'३ मे. पंखा मशीनकडे केला. चूक नाही.'

'४ मे. पंखा माझ्याकडे. दोन चुका.'

'५ मे. पंखा मशीनकडे. चूक नाही.'

त्यानंतर सात वर्षांच्या लग्नांपुढं शेऱ्याचा रकाना कोराच होता. दिवाळीच्या गारव्यात एक तास तपासणी करून 'पक्का' म्हणणारा जिल्ह्याचा नामांकित कारागीर एकीकडं, आणि तीन दिवसांत रोग हुडकून काढणारी त्याची बारावी झालेली बायको दुसरीकडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिला बिचारीला त्यातलं काही कळलं नसेल, गजेंद्रनं स्वतःला समजावलं. पंखा लावला की काम नीट होतं, एवढंच तिनं पाहिलं असेल. कोअरबिअर तिला कुठलं कळायला! कळलं असतं तर बोलली असती. ह्या विचारानं त्याला जरा बरं वाटलं, आणि त्यानं रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो निघाला. मंगरूळपिरात बस बदलली, मानोऱ्याहून ऑटो केला. मोबाईलवर पाठवता आलं असतं, पण तो गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मंजूच्या माहेरी अंगणात मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. गोविंदसिंग म्हातारे झालेले, बाजेवर बसून होते. धाकटी बहीण ओट्यावर गव्हातले खडे निवडत होती. मंजूनं मोबाईल टोपल्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला.

रुपाबाईंचा आवाज अंगणात आला. शेजारच्या बायका काम टाकून आल्या. गोविंदसिंगांनी तोंडावर गमछा घेतला. धाकटीनं पहिल्यांदा नुसतं ऐकलं, मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी ती आईच्या मागं मागं हळू आवाजात म्हणू लागली. सगळ्या बायका रडत होत्या. गजेंद्र हात बांधून उभा होता. आपणही रडावं असं त्याच्या मनात आलं, पण रडू आलं नाही.

व्हिडिओ थांबल्यावर तो सगळ्यांच्या देखत बोलला. "बाईची चूक नव्हती. चूक माही होती. मशीन म्या बनवली, थे खराब होती. हे सांगासाठीच आलो."

मंजूनं डोळे पुसले. "आमाले माईत हाये, भाऊ."

"कसं काय?"

"बाई आनखी एकदा आली होती ना. माह्या चुलतभावाच्या, हेमसिंगच्या लग्नाची सीडी द्याले. थे सीडी एकदम चकाचक. याडीनं इचारलं, आता कशी जमली? त बाई म्हने, मशीनमंदी खोट हाये, तापली का चुकते. पंखा तिच्याकडं केला का नाई चुकत. याडी म्हने, अवं मंग नवऱ्याले सांग ना, थेच त बनवते मशिनी."

"मंग?" गजेंद्रनं विचारलं.

मंजूनं धाकटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "बाई म्हने, नाई सांगत. सांगतलं त त्याईले समजन का गावोगाव जेवढे कोअर उघडून देल्ले, त्यातले कितीक असेच असतीन. मंग थे दुकानात मान वर करून बसू शकनार नाई. त्याईच्या जवळ तेवढंच एक हाये म्हने. मले का, उन्हाळ्यात जरासं उकडते."

 त्यांनी चहा दिला, तो गजेंद्र प्याला. जेवून जा म्हणाले, तर बस आहे म्हणाला. धाकटी पोरगी त्याच्या पाया पडली, तेव्हा तो दोन पावलं मागं सरला.

वाशिमला पोचला तेव्हा तीन वाजले होते. त्यानं दुकान उघडलं नाही. मागच्या खोलीत गेला, राधिकाच्या खुर्चीत बसला आणि मशीन सुरू केली. चौथा कोअर बंद होता. आता ह्या मशीनला पंख्याची गरज नव्हती. तरी त्यानं टेबल फॅन लावला. त्याचं तोंड अजून मशीनकडंच होतं. त्यानं ते स्वतःकडं वळवून पाहिलं, पण सात वर्षं एकाच बाजूला राहून फॅनची मान तिथंच अडकली होती. हात सोडला की ती पुन्हा मशीनकडं जायची.

मग त्यानं ती तशीच ठेवली. वारा सगळा '४' लिहिलेल्या पत्र्यावर जात होता. खुर्चीत वाऱ्याची झुळूक येत नव्हती, टिन वरून भाजत होतं, आणि राधिका इथं रोज बसायची, एप्रिल, मे, जून, सात वर्षं, आणि तो दारातून तिला सरबताचं विचारून हसायचा. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला उकडलं, इतकं की जीव घाबरा झाला, आणि तिच्या त्या फडक्यात तोंड घालून तो मोठ्यानं रडायला लागला.